नेपच्यूनची साडेअकरा पावलं

जानेवारीचा पहिला आठवडा.
हाउकियार्वीचं तळं या काठापासून त्या काठापर्यंत गोठलेलं,
पारा उणे सत्तावीसवर अडून बसलेला,
आणि टेलेर्वोबाई म्हणाल्या,
"वर्षभरात या आठवड्याइतके
आपण सूर्याच्या जवळ कधीच नसतो."

आम्ही मफलरच्या आतून हसलो.
सूर्य दहाला यायचा, अडीचला जायचा,
कोट न काढता बसणाऱ्या पाहुण्यासारखा.
बाई हसल्या नाहीत.
"जवळ असणं वेगळं, ऊब मिळणं वेगळं.
सध्या आपण त्याच्याकडे पाठ कलती करून बसलोय."

मग त्यांनी बर्फावर कंदील ठेवला
आणि पावलं मोजत आम्हाला पेरलं.
चारावर पिह्ला, म्हणजे बुध.
सातावर शुक्र.
दहावर मी. मी पृथ्वी होते.
पंधरावर मंगळ, नाक वाहत असलेला,
बावन्नवर गुरू, पंचाण्णववर शनी,
युरेनसला कांजिण्या आल्या होत्या,
आणि तीनशेवर, वाळक्या लव्हाळ्यापाशी, ओइवा.
वर्गात सगळ्यात जोरात पळणारा ओइवा,
ज्याला बुध व्हायचं होतं.

बाई पातेलं वाजवायच्या: एक वर्ष.
एका वर्षात माझी त्रेसष्ट पावलं, एक फेरा.
पिह्लाची शंभरावर दोन. चार फेरे घालून
ती भोवंडून बसायची, पण बसायची सोय नव्हती.
ओइवाची साडेअकरा, त्याहूनही जराशी कमी.
तेवढी टाकून तो लव्हाळ्यात उभा.
पुन्हा पातेलं.
पुन्हा साडेअकरा.

तिसऱ्या वर्षी त्याची हाक आली,
थंडीत चिरत, "बाई, मी पळू शकतो!"
बाईंनी दोन्ही हात तोंडाशी धरले:
"पळालास तर सुटशील!"
थोडा वेळ काहीच नाही.
"आणि थांबलो तर?"
"तर पडशील! थेट कंदिलात!"
मग आम्हाला, हळू आवाजात:
"तिथं ओढ पातळ असते, बाळांनो.
पातळ ओढीला झेपेल तेवढंच चालायचं.
पिह्लाला शेजारीच बसून ओढतोय तो,
म्हणून ती जिवाच्या आकांताने पळते."

बाराव्या वर्षी गुरू एकदाचा घरी पोचला.
चौदाव्याला घंटा झाली. गुरुवार होता,
गुरुवारी वाटाण्याचं सूप.
आम्ही पळालो. ओइवाला घंटा ऐकू गेली नाही.

लव्हाळ्याजवळ म्हातारा टावेट्टी
बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसलेला.
"काय करतोस रे?"
"मी नेपच्यून आहे. चौदावं वर्ष चालू आहे."
"फेरा कधी पुरा?"
"अजून एकशे एक्कावन्न वर्षांनी."
म्हातारा गळाकडे बघत राहिला.
"मग घाई नको," म्हणाला,
आणि त्याला थर्मासच्या झाकणातून कॉफी दिली,
जी आम्हाला कोणी कधी दिली नव्हती.

सूप निवल्यावर ओइवा आत आला. बसायच्या आधीच विचारलं,
"बाई, मी लांब आहे म्हणून हळू,
की हळू आहे म्हणून लांब?"
बाईंनी त्याच्या वाडग्यात मोहरी घातली.
"दोन्ही एकाच गोष्टीची नावं आहेत," म्हणाल्या. "आधी खा."

परवा त्याचा फोन आला, हेलसिंकीहून.
तिथं लिफ्ट दुरुस्त करतो.
शनीचा एक फेरा पुरा झाला म्हणे त्या दिवसापासून,
साडेएकोणतीस वर्षं.
"माझी किती झाली?" त्यानं विचारलं.
मी पाकिटाच्या पाठीवर हिशेब केला.
"तीनशे छत्तीस. अजून दीड हजार, वर एकोणपन्नास."
"बरं," तो म्हणाला. कुठंतरी लिफ्टचं दार आपटलं.

त्या शुक्रवारी सकाळी मी तळ्यावर आधी पोचले होते.
पिह्लाचं वर्तुळ तुडवून तुडवून
काळ्या काचेसारखं उघडं पडलेलं.
माझं साधंच, थोडं वेडंवाकडं.
आणि लांब, कंदिलाचा उजेड पोचला की नाही
हे सांगता येणार नाही अशा ठिकाणी,
एकशे साठ पावलांची एक रांग.
बघताना सरळ वाटायची.
मी एक डोळा मिटून, खूप वेळ वाकून पाहिली,
तेव्हा कुठं कळलं, वळली होती.